लग्नानंतरचे तीन दिवस

बेबीताई गावंड्यांच्या सहलीला जायचं म्हटलं की आर्णीतल्या बायकांना घरी फार बोलावं लागत नसे. "बेबीताई आहे संग," एवढं सांगितलं की नवऱ्याचा आणि सासूचा प्रश्न मिटायचा. माहूर, केळापूरची जगदंबा, सहस्रकुंडाचा धबधबा, कळंबचा चिंतामणी. वर्षाकाठी दोनदा तरी त्या क्रूझर ठरवायच्या. कोणी पोळ्या आणायच्या, कोणी ठेचा, कोणाचं कोणाशी वाजलेलं आहे म्हणून कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आणि एक नेम त्यांनी कधी मोडला नाही. दिवे लागायच्या आत गाडी आर्णीत.

बायकांना वाटे, काय ही शिस्त! खरी गोष्ट अशी की बेबीताईंचे यजमान सदाशिवराव यांना भाकर तव्यावरची थेट ताटात लागे. गार चालत नसे आणि दुसऱ्या कोणाच्या हातची तर मुळीच नसे. त्यामुळे बेबीताईंनी जेवढं जग पाहिलं ते एका दिवसात जाऊन येण्याइतकं.

प्रत्येक सहलीत क्रूझरच्या पहिल्या बाकावरची खिडकी ठरलेली होती. ती बबिताची. बबिता म्हणजे धाकटी जाऊ. गाडी घाटाला लागली की हिच्या पोटात ढवळायचं. म्हणून खिडकी तिला, तिच्या हातात लिंबू, आणि शेजारी बेबीताई, एक हात बबिताच्या पाठीवर आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. बबिता लग्न होऊन आली तेव्हापासूनची ही बैठक. पुढे धाकटे दीर देवराव गेले, अमर तेव्हा दहावीत होता. देवराव ज्या शाळेत शिपाई होते त्याच शाळेत बबिताला त्यांच्या जागी घेतलं. घराच्या दोन वाटण्या आधीच झाल्या होत्या. मधे कमरेएवढी भिंत, अंगण एकच. बबिता सकाळी साडीला पिन लावून शाळेत जायची, संध्याकाळी यायची. एवढं सगळं बदललं, पण क्रूझरची खिडकी तिचीच राहिली.

तर अशा या बबिताचा अमर हॉटेल मॅनेजमेंट शिकून बँकॉकच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागला. त्याच हॉटेलात वणीची सलोनी होती, काउंटरवर. दोघांचं जमलं. दोन्ही घरांना पसंत पडलं. पण हिवाळा म्हणजे तिकडच्या हॉटेलवाल्यांची कामाची घाई. दोघांना एकदम रजा मिळेना. शेवटी मालकानंच हॉल दिला आणि ठरलं की लग्न तिकडेच. आर्णीची आणि वणीची मोजकी माणसं जातील. बेबीताई आणि सदाशिवरावांनी यवतमाळला जाऊन पासपोर्टही काढून आणले. सदाशिवरावांनी मात्र तेव्हाच बजावलं होतं, "लग्न लावू आन येऊ. तूर काढणीवर येईन तवा."

बेबीताई वाट पाहत होत्या. सगळ्यांना घेऊन जायचं म्हणजे कोणीतरी ठरवायला हवं, आणि ठरवणारी त्यांच्याशिवाय कोण? आज ना उद्या बबिता येईल, म्हणेल, बाई, मले काही सुधरत नाही, तुम्हीच पाहा. त्यांनी तिला काय काय सांगायचं तेसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं.

बबिता आली. हातात मोबाईल.

"बाई, सगळं जमलं," ती म्हणाली. "मी आन पुष्पाबाईनं बसून केलं."

पुष्पाबाई राठोड म्हणजे तिच्या शाळेतल्या बाई. जवळच्या तांड्यावरच्या, मोठ्या आवाजाच्या. अमरला त्यांनी शिकवलं होतं, म्हणून त्याही लग्नाला निघाल्या होत्या.

"काय जमलं?"

"नागपूरवरून कोलकाता, तिथून बँकॉक. हळदीच्या आदल्या दिवशी पोचू. तुमची आन भाऊजीची खोली खालच्या मजल्यावर घेतली, भाऊजीले लिफ्ट आवडत नाही म्हून. आन लग्न झालं का दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं वणीवाल्यांसंग परत. भाऊजीनं सांगतलंच होतं ना."

"आन तू?"

"मी आन पुष्पाबाई तीन दिवस मागं राहू."

"मागं? कायले?"

"पाहाले," बबिता म्हणाली. "बोटीनं नदीतून फिरून राह्यलो. एक मोठा निजलेला बुद्ध आहे, सोन्याचा दिसते, तो पाहू. आन हे पाहा, अयुथया. आपल्या अयोध्येवरूनच नाव. त्याइची जुनी राजधानी होती. झाडाच्या मुळ्याइत बुद्धाचं डोकं अडकून बसलं आहे, पाहा कसं."

बेबीताईंनी पाहिलं. झाडाच्या मुळ्या एकमेकींत वळलेल्या, आणि त्यांच्या मधोमध दगडाचा एक शांत चेहरा, डोळे मिटलेला. असं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्यांचं लक्ष त्या चेहऱ्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. हे सांगताना बबितानं कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. चालेल ना, जाऊ ना, असं काही नाही. 'फिरून राह्यलो,' म्हणाली. जणू गावातल्या अरुणावती नदीच्या पुलावर जाऊन यायचं होतं.

"ओकशीन तिकडे," बेबीताई म्हणाल्या.

"गोळी भेटते बाई आता त्याची," बबिता हसून म्हणाली, आणि भिंतीपलीकडे गेली.

त्या संध्याकाळी बेबीताईंच्या भाकरी कडेला फाटल्या. पीठ तेच, पाणी तेच. सदाशिवराव ताटावर बसले होते. बेबीताईंनी भाकर वाढता वाढता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मी म्हणत होती, एवढ्या दूर चाललो, आपणबी दोन-तीन दिवस राह्यलो तर?"

"कायले?"

"पाहाले."

"एवढ्या दूर जाऊन काय पाहाचं? आन तूर कोण पाहीन?"

"तूर काही पळून चालली का?"

सदाशिवरावांना हा विनोद वाटला. तेही विनोदानं म्हणाले, "मंग तू राहा एकटी मागं. मले भाकर कोण टाकीन, एवढं सांगून जाजो फक्त." आणि हसून त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त हे कधी सुचलं नव्हतं की याला बेबीताई खरंच उत्तर देऊ शकतात.

बेबीताई तव्याकडे वळल्या. पोटात काहीतरी बारीक बारीक जळत होतं आणि त्याला नाव देण्याची त्यांची तयारी नव्हती. कारण नाव दिलं असतं तर ते फार वाईट दिसलं असतं. सवाष्ण बाई विधवेवर जळते, असं कोणी कधी ऐकलं आहे का? देवराव गेल्यापासून हळदीकुंकवाची कुयरी बेबीताईंच्या समोर थांबत आली आणि बबिताला ओलांडून पुढे जात आली. त्या वेळी बेबीताई दुसरीकडे पाहायच्या, पदर सारखा करायच्या. तिची दया करायची त्यांना इतकी सवय झाली होती की ती दया म्हणजे आपला मोठेपणाच आहे असं त्यांना वाटे. आणि आता ती उठून सरळ अयुथयेला चालली होती. तिला तूर नाही, ताट नाही, तवा नाही. पगार तिचा, रजा तिची. हिला विचारायला कोणी नाही, हेच तर आजवर तिचं दुःख म्हणून सगळे सांगत होते.

दुपारी सदाशिवराव शेतात गेले की बेबीताई मोबाईलवर अयुथया पाहू लागल्या. विटांचे उंच निमुळते मनोरे, त्यांच्या सावलीत सायकलवर हिंडणाऱ्या बायका, आपल्याच वयाच्या, डोक्यावर गवती टोप्या. दिग्रसला दिलेली मुलगी जया फोनवर म्हणाली, "आई, तू रोज हेच काहून पाहून राह्यली? मले व्हिडिओ पाठवते, बबिता काकूच्या गोष्टी सांगते. जळून राह्यली काय वं तिच्यावर?"

"मी कायले जळू? तिच्यापाशी काय आहे जळासारखं?"

"तेच तर मी म्हणते, काय आहे?"

बेबीताईंनी कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. कुकर गॅसवर नव्हताच.

मग गुरुजी आले. हळद कधी, देवक कधी, हे विचारायला बबितानंच बोलावलं होतं. अंगणात खुर्च्या टाकल्या. सदाशिवराव, बबिता, आणि पुष्पाबाई शाळा सुटल्यावर बबिताबरोबर आलेल्या. बेबीताईंनी चहा आणला, पण बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या,

"देवक इथी बसवाचं. आर्णीच्या घरी. देवकाले घर लागते, हॉटेल चालत नाही. निघाच्या आधी बसवू, लग्न लावू, सरळ घरी येऊ आन उठवू. आन देवक उठेस्तोवर आपल्या घरचं माणूस गावोगाव फिरत नाही. आमच्या सासूबाईच्या वेळपासून आहे हे. सगळ्याइनं सोबत याचं."

'सगळ्याइनं' या शब्दावर त्यांनी थोडा जोर दिला.

सासूबाईंच्या वेळपासून होतं, हे अगदी खोटं नव्हतं. बेबीताई नव्या सून असताना नात्यातल्या एका लग्नाला उमरखेडकडे गेल्या होत्या. तिथून सहस्रकुंड जवळ. बरोबरीच्या पोरी धबधबा पाहायला निघाल्या तेव्हा सासूबाईंनी यांना हात धरून मांडवात बसवलं होतं, देवक उठलं नाही म्हणून. त्या दिवशी मांडवाच्या खांबाशी बसून त्या रडल्या होत्या. आज तोच नियम त्यांच्या तोंडून इतका सफाईनं आला की त्यांचं त्यांनाही नवल वाटलं.

बबितानं हातातला मोबाईल मांडीवर पालथा घातला. पुष्पाबाई मात्र म्हणाल्या, "अवो बेबीताई, आमच्याकडे तर असं काही नाही."

"तुमच्याकडे नसन," बेबीताई म्हणाल्या, "आमच्याकडे आहे."

सदाशिवरावांनी मान हलवली. परत यायचंच आहे म्हटल्यावर त्यांना सगळंच बरोबर वाटत होतं. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, तेही उठले.

दोन दिवस बेबीताईंच्या भाकरी छान फुगल्या. पाहायचं तर कोणीच पाहू नये, एवढंच त्यांना हवं होतं. भिंतीपलीकडे बबिता दोरीवर कपडे घालताना दिसायची. बेबीताई मुद्दाम आवाज चढवून गायीशी बोलायच्या.

तिसऱ्या दिवशी बबिता शाळेतून आली ती थेट इकडे. "बाई, बाजारात गुरुजी भेटले. मी विचारलं त्याइले. ते म्हणे, ज्या जोडप्यानं देवक बसवलं त्याइनंच येऊन उठवाचं. बंधन त्याइलेच. बाकीच्याइले काही नाही."

"बरं."

"देवक तर तुम्ही आन भाऊजीच बसवसान. मी कुठी बसते?" बबिता म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आजवर घरातली सगळी शुभकार्यं अशीच झाली होती; मान मोठ्या जोडप्याचा, आणि बबिता दारामागून पाहायची. "म्हून म्हटलं तुमाले सांगून टाकावं. मी आन पुष्पाबाई राहतो मंग मागं."

ती गेली. बेबीताई ओट्याशी उभ्या राहिल्या. म्हणजे झालं काय होतं? दुसरीला अडकवायला म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं, आणि आत त्या एकट्याच राहिल्या होत्या. मान त्यांचा, म्हणून बंधन त्यांचं. अयुथया बबिताची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबिता अंगणात सडा टाकत होती. बेबीताई भिंतीशी आल्या आणि एका दमात म्हणाल्या, "देवक तू बसव."

बबिताच्या हातातली बादली तशीच राहिली. "मी?"

"तू. माय तू होय त्याची."

"बाई, लोक?"

"लोकाइले मी पाहून घेते."

"भाऊजी?"

"त्याइलेबी मीच पाहून घेते."

हे बोलताना बेबीताईंच्या डोळ्यांपुढे विटांचे मनोरे होते आणि गवती टोप्या होत्या. दुसरं काही नव्हतं. देवक तिनं बसवलं की उठवायला तीच येईल. मग मागं कोण राहील, ते पाहता येईल. एवढाच हिशेब. पण बबितानं बादली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. शाळेतही उशिरा गेली.

गुरुजींनी "बसू द्या की, मंत्र काही तिले पाहून बदलत नाहीत," म्हणून टाकलं. सदाशिवराव "तुले पटते तर मले काय," म्हणाले. आणि दुपारपर्यंत ही गोष्ट आर्णीभर झाली. शेजारची रामीबाई आली, हात हातात घेऊन म्हणाली, "बेबीताई, तुमच्यासारखं मन पाहाले भेटत नाही वं." बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर बायकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. कोणी लिहिलं, जाऊ असावी तर अशी. संक्रांतीच्या हळदीकुंकवात बेबीताईंना शाल-नारळ द्यायचं ठरू लागलं. पुष्पाबाई तर रस्त्यातच थांबल्या आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली, "मी तुमाले वेगळं समजत होती बेबीताई. माफ करजा मले."

बेबीताई प्रत्येकीला "काय त्याच्यात," म्हणत होत्या आणि त्यांना अंगावर खाज उठल्यासारखं होत होतं. खोटं कौतुक सहन करता येतं, पण ज्याचं कौतुक चाललं आहे ते काम आपण का केलं हे स्वतःला माहीत असताना शाल कशी पांघरायची? आणि गंमत अशी, की एवढं होऊनही जळणं थांबलं नव्हतं. आता सगळे म्हणत होते, बबिताचं नशीब.

संध्याकाळी बबिता आली. हातात झाकलेली वाटी, पाटोड्यांची आमटी. बेबीताईंना आवडते म्हणून केलेली. उंबऱ्यावरच बसली.

"बाई, हे गेले तवापासून मी कोणत्या कामाले पुढं झाली नाही. त्याच्या आधीबी अमरच्या बारशाले बसली तेवढीच." मग डोळे पुसून ती एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "तर मी पाह्यलं सगळं. देवक उठवाले मले याच लागीन. म्हून मी माह्या परतीची तारीख बदलते, वणीवाल्यांसंग येते. माही जागा तुम्ही घ्या. पुष्पाबाईसंग तुम्ही राहा तीन दिवस. मी बोलली त्याइच्याशी."

बेबीताईंच्या हातात वाटी होती.

"मले काय कराचं तिकडे?"

"अयुथया पाहान. रोज पाहता ना मोबाईलवर. जयानं सांगतलं मले." बबिता खाली पाहून बोलत होती. "भाऊजीच्या भाकरीचं मनात आणू नका. मी टाकीन."

म्हणजे हिला ठाऊक होतं. देवक आर्णीतच का बसवायचं होतं तेही कळलं असेल, आणि 'तू बसव' का म्हटलं तेही. सगळं कळून ती पाटोड्या करून घेऊन आली होती.

आपल्याला हवं होतं ते आता मिळालं. बेबीताईंनी आनंद होतो का ते पाहिलं, झाला नाही. उलट मघापेक्षा जास्त जळलं. किती सहज देऊन टाकलं हिनं! इतकं सहज द्यायला माणसापाशी किती असावं लागतं? मी एक देवक दिलं तर गावानं शाल काढली, आणि ही तीन दिवस देऊन वर भाकरीही टाकते म्हणते. या बाईच्या पुढे जायचं तरी कसं?

"थांब," बेबीताई म्हणाल्या. "तारीख बदलू नको. आज नको. मले पाहू दे."

हे शब्द त्यांच्या तोंडून आले आणि त्यांना जरा बरं वाटलं. कितीतरी दिवसांत त्या असं बोलल्या नव्हत्या. कोणी कुठे बसायचं, कोणाला कसं न्यायचं, हे तर त्यांचं काम होतं. क्रूझरमध्ये दोन माणसं जास्त झाली की त्या असंच म्हणायच्या. मले पाहू दे. आणि जागा निघायचीच.

सकाळी त्यांनी अमरला फोन लावला. "काय रे, तुह्या तिकडे आंब्याचं झाड आहे का?"

"मोठी आई, गल्लोगल्ली आहे. काहून? लोणचं घालतं का?"

"उंबर?"

"उंबर पाहा लागीन."

"पाहाय. जांभूळ, रुई जे भेटीन ते पाहाय. देवकाले पाच झाडाइच्या डहाळ्या लागते. फोटो पाठव, मी गुरुजीले दाखवते. आन तू राहते ती खोली केवढी आहे? पाट मांडता येईन का भिंतीपाशी?"

दुपारी फोटो आले. पांढरा कोट, डोक्यावर पांढरी टोपी, आणि हातात आंब्याची डहाळी घेऊन हॉटेलच्या मागच्या अंगणात उभा असलेला अमर. त्याच्यामागे हसणारी सलोनी, तिच्या हातात उंबराची फांदी. बेबीताई फोटो घेऊन स्वतः गुरुजींकडे गेल्या.

"तुम्हीच तर म्हणाल्या होत्या, देवकाले घर लागते," गुरुजी म्हणाले.

"घरच आहे. पोरगा राहते ते घर नाही तर काय? हॉटेलात कुठी म्हणते मी, त्याच्या खोलीत म्हणते."

"मंग चालते. तिकडे देवळात पुजारी असतीन, त्याइले बोलवा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच उठवून टाका."

"आन उठल्यावर?"

"उठल्यावर काय? मोकळे सगळे."

बेबीताई रस्त्यानं परत येताना दोनदा हसल्या, एकट्याच.

आता एकच माणूस उरलं होतं. रात्रीचं जेवण वाढताना त्यांनी तवा जरा जास्त तापू दिला. पहिली भाकर सदाशिवरावांच्या ताटात पडली, टम्म फुगलेली, वाफ निघणारी.

"मी मागं राहून राह्यली," त्या म्हणाल्या. "बबितासंग. तीन दिवस."

सदाशिवराव हसायला लागले. मग त्यांनी वर पाहिलं आणि हसणं थांबवलं. "आन भाकर?"

"तुमाले सलोनीचे वडील नागपूरपर्यंत आणतीन, तिथून गाडी सांगतली. रामीबाई दोन टाइम येऊन भाकर टाकून जाईन."

"रामीबाईच्या हातची?"

"तव्यावरची थेट ताटात. मी सांगतलं तिले."

सदाशिवराव ताटाकडे वळले. घास मोडला, भाजीत बुडवला, चावत राहिले. बेबीताई पुढची भाकर थापत होत्या, पण सगळं लक्ष पाठीमागे होतं. आता नाही म्हटलं तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. ठरवायची भीती वाटली होती.

"अर्धी आण," सदाशिवराव म्हणाले.

त्यांनी अर्धी वाढली. ती संपली. त्यांनी हात ताटात धुतला, उठले, आणि दारापाशी जाऊन म्हणाले, "रामीबाईले सांग, जाड नको टाकू म्हणा."

बेबीताईंनी तवा उतरवला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं आपण पिठाच्याच हातानं डोळे पुसले हे त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी बबिता आणि त्या अंगणात खाटेवर बसल्या. पलीकडे तूर ठेवायची म्हणून सदाशिवरावांनी ताडपत्री धुऊन वाळत घातली होती. बबिताच्या हातातल्या मोबाईलवर विमानातल्या जागांचे चौकोन उघडलेले होते, बेबीताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

"भाऊजीले वणीवाल्यांसंग बसवलं," बबिता म्हणाली. "आपल्या तिघींची रांग ही. पुष्पाबाई कडेले, त्याइले पाय लांब करा लागते. तुम्ही मधात. खिडकी माही, नेहमीसारखी. दाबू ना?"

"नको दाबू," बेबीताई म्हणाल्या.

"काहून?"

"खिडकी माही."

बबितानं वर पाहिलं.

"एवढ्या वर्षांत मी एकदाबी खिडकीतून पाह्यलं नाही," बेबीताई म्हणाल्या. एकदा तोंड उघडलं तर ते थांबेना. "तुह्या पाठीवर हात ठेवून बसली मी. माहूरचा घाट मले ठाऊक आहे तो तुह्या ओकाऱ्याइवरून. पहिली आली का पायथा, तिसरी आली का देऊळ. बाकीच्या बाया म्हणे, काय हिरवं दिसून राह्यलं. मी पिशवी पाहून राह्यली. देवक तू बसव, सून तुही, पोरगा तुहा. खिडकी माही."

बबिता त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि एवढं फुटलं की खाट हलायला लागली. "मायबाई! जळता तुम्ही माह्यावर, बाई!"

"जळते," बेबीताई म्हणाल्या. "जातानाची खिडकी माही. येतानाचीबी माहीच."

"येतानाची मी देत नाही."

"पाहू."

"गोळीनं नाही भागलं आन मधात बसून मले झाली तर तुमच्या अंगावर होईन, सांगून ठेवते."

"होऊ दे," बेबीताई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, बबिताच्या हातातून मोबाईल घेतला, आणि खिडकीच्या चौकोनावर आपलंच नाव पडलं आहे ना, ते बोट ठेवून नीट वाचून घेतलं.